एमएच म्हणजे महाराष्ट्र की मार्शल बेटं? फायरवॉलमधल्या नावांच्या भांडणाबद्दल

फायरवॉलमध्ये आपण बनवलेला रीजन आणि फायरवॉलसोबत तयार आलेला रीजन, दोघांचं नाव एकच निघालं तर काय करायचं? याला नेहमी मिळणारं उत्तर एका ओळीचं असतं. आपल्या रीजनचं नाव बदला, कमिट करा, विषय संपला. उत्तर चूक नाही. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी त्यावर समाधान मानू नये असं माझं मत आहे. नाव बदलल्याने पुढचं वागणं सुधारतं. मागे काय घडून गेलं आणि ते घडू कसं शकलं, हे दोन्ही प्रश्न तसेच राहतात.

आधी रीजन म्हणजे काय ते बघू. पालो आल्टोच्या फायरवॉलमध्ये नियम लिहिताना स्रोत किंवा गंतव्य म्हणून आयपी पत्ता देता येतो, पत्त्यांचा गट देता येतो आणि देशही देता येतो. देश दोन अक्षरी कोडने येतात, भारत म्हणजे आयएन. हे कोड आयएसओ ३१६६ या मानकातले, ज्याची पहिली आवृत्ती १९७४ ची आहे. याशिवाय स्वतःचा रीजन बनवता येतो: नाव द्या, हवे तर अक्षांश-रेखांश द्या, पत्ते भरा. याचा खरा उपयोग खासगी पत्त्यांसाठी होतो. दहापासून सुरू होणारे अंतर्गत पत्ते जगाच्या नकाशावर कुठेच नसतात, त्यामुळे लॉगमध्ये देशाच्या रकान्यात नुसती पत्त्यांची रेंज दिसते. स्वतःचा रीजन केला की तिथे अर्थ असलेलं नाव दिसतं.

आता गंमत बघा. समजा बीडमधल्या एखाद्या संस्थेच्या राज्यात चार-पाच शाखा आहेत. अ‍ॅडमिन सगळ्यांचे अंतर्गत पत्ते एकत्र करून रीजन बनवतो. नाव काय देईल? एमएच. दुसरं काय देणार! दारातल्या गाडीवर एमएच २३ लिहिलंय, आयुष्यभर तेच वाचलंय. पण आयएसओच्या यादीत एमएच म्हणजे मार्शल बेटं, प्रशांत महासागरातला एक देश, ज्याची अख्खी लोकसंख्या एकट्या बीड शहरापेक्षा कमी आहे.

हा एखाद-दुसरा योगायोग नाही. गाड्यांच्या पाट्यांवरचे आपले कोड घेऊन बसा. गोव्याचा जीए म्हणजे गॅबॉन. तमिळनाडूचा टीएन म्हणजे ट्युनिशिया. हरियाणाचा एचआर क्रोएशियाचा, बिहारचा बीआर ब्राझीलचा, नागालँडचा एनएल तर थेट नेदरलँड्सचा. तेलंगणाने २०२४ मध्ये पाटीवरचा टीएस बदलून टीजी केला आणि तो टोगोवर जाऊन बसला. म्हणजे राज्याच्या कोडने रीजनला नाव देणं ही आपल्याकडे सर्वात सहज सुचणारी गोष्ट, आणि नेमकी तीच सर्वात धोक्याची.

धोका कसा होतो ते सावकाश बघू. तत्त्वतः तीन शक्यता आहेत. यंत्र ते नाव नाकारेल. हे सगळ्यात चांगलं, कारण माणूस तिथेच थांबतो. किंवा तयार यादीतलं नाव जिंकेल. मग ‘एमएचला परीक्षेच्या सर्व्हरवर येऊ द्या’ हा नियम मार्शल बेटांना दार उघडेल आणि आपल्या शाखा बाहेर राहतील. हेही त्यातल्या त्यात बरं, कारण तासाभरात फोन यायला लागतात.

तिसरी शक्यता सर्वात वाईट: आपलं नाव जिंकतं आणि सगळं नीट चाललेलं दिसतं. शाखा जोडल्या जातात, अ‍ॅडमिन खूश. पण त्याच फायरवॉलमध्ये वर एक जुना नियम असू शकतो, भारत सोडून बाकी देश बंद. आपल्याकडे हा नियम कित्येक ठिकाणी देशांच्या यादीवर एकेक खूण करत केलेला असतो. त्या यादीत एमएच आहेच. ज्याने खूण केली त्याच्या मनात मार्शल बेटं होती. आता त्याच खुणेचा अर्थ महाराष्ट्र झाला. नियम वरून खाली वाचले जातात, त्यामुळे एखादी शाखा एखाद्या सेवेपुरती अडकते आणि बाकी सगळं चालू राहतं. लॉगमध्ये काय दिसतं? स्रोत एमएच, निर्णय नकार. वाचणाऱ्याला एमएच बघून आश्चर्य वाटतच नाही, म्हणून तो कारण दुसरीकडेच शोधत बसतो.

माझी टीका इथे आहे. अशा वेळी दोष अ‍ॅडमिनवर टाकला जातो: ‘मॅन्युअल वाचायला नको का?’ मला हा न्याय पटत नाही. वापरणाऱ्याची नावं आणि यंत्राची नावं एकाच रकान्यात, एकाच यादीत ठेवायची, आणि तीही दोन अक्षरी, हा रचनेचा निर्णय आहे. तो दुसऱ्या पद्धतीनेही घेता येतो. फोर्टिगेटमध्ये देश हे नाव नसतं. तुम्ही ‘भौगोलिक’ प्रकारचा पत्ता तयार करता, त्याला स्वतःचं नाव देता आणि आत देश निवडता. ओपीएनसेन्समध्ये जिओआयपी हा एलियसचा एक प्रकार आहे, तिथेही तसंच. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये देशाचा कोड देण्याची कळ वेगळी आणि आपल्या संचाचं नाव देण्याची कळ वेगळी, त्यामुळे संचाचं नाव एमएच ठेवलं तरी मार्शल बेटांना धक्का लागत नाही. या तिन्ही ठिकाणी इतर अडचणी आहेत, पण हे विशिष्ट भांडण तिथे उभंच राहत नाही.

खरं तर गावांच्या नावांत आपण हा प्रश्न कधीच सोडवलाय. बिंदुसरा धरणाजवळच्या आमच्या पालीचं नाव बाहेर सांगा, समोरचा हात जोडून विचारतो, ‘बल्लाळेश्वराची का?’ ती रायगड जिल्ह्यातली. एक रत्नागिरीकडे आहे, राजस्थानात तर अख्खा जिल्हा आहे, आणि भाषा आहे ती वेगळीच. म्हणून आम्ही ‘बीडची पाली’ म्हणतो. आमच्या जिल्ह्यातली परळी वैजनाथ, सज्जनगडाखालची नुसती परळी. बुद्रुक आणि खुर्द तर गावोगावी आहेत. लोकांनी नावाला विशेषण जोडलं, सरकारने स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड दिला. आयएसओकडेही हे आहे: महाराष्ट्राचा पूर्ण कोड आयएन-एमएच असा, देशाच्या पोटात राज्य. मधली ती आडवी रेघ सगळं काम करते.

तपास कसा करायचा? नाव लगेच बदलू नका, पुरावा जाईल. तीन पत्ते घ्या: एक आपल्या शाखेतला, एक मार्शल बेटांच्या नावावर नोंदलेला, एक दोन्हीत नसलेला. प्रत्येकासाठी यंत्रालाच विचारा, हा पत्ता कोणत्या रीजनमध्ये मोडतो आणि कोणता नियम लागू होतो. अशी चाचणीची सोय असते. तिसरा पत्ता अनेक जण वगळतात, पण त्याच्याशिवाय रीजनमुळे निर्णय बदलला की नियमच सगळ्यांना लागू होता, हे कळत नाही. अनेक फायरवॉल पॅनोरामासारख्या मध्यवर्ती ठिकाणाहून चालवत असाल तर आणखी एक घोळ: वरच्या गटातली व्याख्या जिंकायची की खालच्या, ही तिथे वेगळी सेटिंग आहे. म्हणजे नावाचं भांडण तुमच्या समोरच्या यंत्रात नसून वरच्या मजल्यावर असू शकतं. हे सगळं लिहून झाल्यावर मग नाव बदला. दोन अक्षरांहून मोठं, उपसर्गासकट, ‘रीजन-महाराष्ट्र-शाखा’ असं काहीतरी. आणि बदलाची तारीख नोंदवा.

तारीख का, तर लॉगसाठी. जुन्या नोंदींमधला एमएच कुणी बदलत नाही. उद्या एखादा विद्यार्थी ‘देशनिहाय हल्ले’ मोजायला तोच लॉग घेईल, एमएचला तक्त्यातून मार्शल बेटं असं नाव लावेल आणि एका चिमुकल्या देशातून एवढी रहदारी कशी, यावर परिच्छेद लिहील. असली कामं वाचताना मी हल्ली आधी पद्धतीचा भाग उघडते आणि देशाचा रकाना कुठून आला ते शोधते. बहुतेक वेळा ‘फायरवॉल लॉगमधून’ एवढंच लिहिलेलं असतं. तो रकाना मोजमाप नाही, ती कुणीतरी लावलेली चिठ्ठी आहे. त्यात विश्लेषणाची साधनंही भर घालतात. पांडास तक्ता वाचताना एनए म्हणजे रिकामी जागा समजतं आणि नामिबिया गायब होतो. डिफॉल्ट बंद करावा लागतो. यामलच्या जुन्या नियमांत अवतरणाशिवाय लिहिलेला नॉर्वेचा एनओ ‘नाही’ होतो.

कुणी म्हणेल, दोन अक्षरंच हवी असतील तर? आयएसओने वापरकर्त्यांसाठी काही कोड राखून ठेवलेत: एए, क्यूएम ते क्यूझेड, एक्सए ते एक्सझेड आणि झेडझेड. त्यांतला एखादा घ्या, फक्त एक्सके सोडून. तो कोसोव्होसाठी इतक्या ठिकाणी वापरला जातो की जिओआयपीच्या याद्यांमध्येही तो सापडतो.