दुसऱ्या दिवशीची पेज

समीक्षा लिहावयाची तर गाठीला मोठी विद्वत्ता हवी, असा एक समज आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, पोट मास्तरकीवर आणि हौस कादंबऱ्या लिहिण्याची. तेव्हा पुढील मजकूर परीक्षण कमी आणि कबुलीजबाब अधिक असा वाटला, तर वाचकांनी सणाचे दिवस म्हणून सांभाळून घ्यावे.

काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. नवऱ्याने टाकलेल्या एका कोकणी बाईची ती कथा. सासरचा जाच, माहेरचे मिंधेपण, गावाची जीभ, सारे मी मन लावून रंगविले आणि शेवटच्या प्रकरणात नायिकेला पहाटेच्या अंधारात विहिरीकडे धाडले. डोळे पुसल्याची पत्रे आली, मी सुखावलो. पण आमच्या मिरजोळ्याच्या वाडीतल्या एक वैनी, एमआयडीसीतल्या कारखान्यात दिवसपाळी करून रात्री चार पाने वाचणाऱ्या, पुस्तक परत करावयास आल्या आणि ओटीवर उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मास्तर, ती विहिरीवर गेली तिथवर पटला. पन दुसऱ्या दिवशी पोरांना पेज कुणी वाढलीन?"

मला उत्तर देता आले नाही. नायिकेला मी दोन मुले दिली होती आणि शेवटच्या पानावर त्यांना साफ विसरलो होतो.

त्या प्रश्नाने मला पुन्हा जुन्या पुस्तकांकडे नेले. आम्हां कादंबरीकारांची ही वाट पाडली ती हरिभाऊ आपट्यांनी. 'पण लक्ष्यात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. यमूने आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगावी, ही योजना त्या काळी केवढी धाडसाची! एका पुरुषाने बाईचे मन इतक्या हळुवारपणे उलगडावे, ह्याचे आजही नवल वाटते. रघुनाथरावांबरोबरचे तिचे मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, मग बळजबरीचे केशवपन. हे वाचताना कोणाच्या पोटात कालवणार नाही? पण अखेर यमू मरते. शीर्षकातला प्रश्न हवेत राहतो आणि वाचक सुस्कारा टाकून पुस्तक मिटतो.

हरिभाऊंना मी दोष देत नाही. झाकलेली जखम आधी कोणीतरी उघडी करून दाखवावी लागते, आणि ते काम त्यांनी केले. मला विस्मय वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. ज्या पुण्यात यमूच्या कहाणीवर आसवे गळत होती, त्याच पुण्यात त्याच सुमारास आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखची एक विधवा शाळेत जात होती. तिचे नाव गोदूबाई. लहानपणीच लग्न, थोड्याच महिन्यांत वैधव्य, आणि मग वर्षानुवर्षे सासरी राबणे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तेथे दाखल झालेली ही पहिली विधवा. पुढे सदन पुण्यास हलले. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे ह्यांनी तिच्याशी विवाह केला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. पण यमूच्या वाट्याला जे आले नाही ते आनंदीबाईंच्या वाट्याला आले. त्या जगल्या, म्हाताऱ्या झाल्या आणि १९४४ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. नाव 'माझे पुराण'.

ह्या नावाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. लांबण लावणाऱ्याला आपण 'काय पुराण लावलेय' म्हणतो, त्यातली स्वतःचीच थट्टा नावात आहेच. पण मला देवळातले पुराण आठवले. पुराणिकबुवा आसनावर, आणि समोर सोवळ्या बायका वाती वळीत ऐकत बसलेल्या. नशिबाचे भोग कसे भोगावेत हे त्यांनी ऐकावे, असा रिवाज. त्या ऐकणाऱ्यांपैकीच एक जण उठली, आसनावर जाऊन बसली आणि म्हणाली, आता माझे ऐका. एवढा पालट त्या दोन साध्या शब्दांत आहे.

आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्यांनाही तरुणपणीच वैधव्य आले. सोवळ्या वेषात त्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. १९१२ साली त्यांनी केशवपन आणि तो वेष टाकला. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाच्या निधीसाठी त्या अमेरिकेस निघाल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि १९२० साली परतल्या. त्याच साली अमेरिकेच्या घटनेत, बाई म्हणून कोणाचे मत नाकारू नये, अशी दुरुस्ती झाली. म्हणजे बायकांना जिथे मताचा हक्क नुकता मिळत होता, अशा देशात देवरुखची ही बाई परक्याची भांडी घासून आपल्या बहिणींची शाळा चालवीत होती! त्यांची 'माझी कहाणी' १९२८ साली निघाली.

कलाकृती म्हणून तोलले तर हरिभाऊंचे पारडे जड आहे, हे मी मान्य करतो. यमूचे रेखाटन ह्या दोन्ही पुस्तकांत नाही. प्रसंग धावतात, एखादा हिशेब मध्येच येतो. पण तो हिशेबच मला आता मोलाचा वाटतो. भाऊ पाठीशी कसा उभा राहिला, आसरा कोठे मिळाला, वर्गणी कशी जमली, हे कादंबरीत आम्ही 'नीरस' म्हणून गाळतो. आणि बाईची सुटका तर अशाच नीरस गोष्टींनी झालेली असते. शिवाय ह्या बहिणी थोरामोठ्यांचीही आरती करीत बसत नाहीत. आश्रमावर लोकांचा रोष येऊ नये म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाचे काम आश्रमापासून वेगळे ठेवले. धोरण शहाणपणाचे, पण त्याची किंमत पुनर्विवाहिता पत्नीला मोजावी लागली. थोर पुरुषाचा संसार चुलीपाशी बसून कसा दिसतो, हे 'माझे पुराण' सांगते तसे कोणताही गौरवग्रंथ सांगणार नाही.

ह्या आशेला मर्यादाही होती. देवरुखच्या बहिणी ब्राह्मण घरातल्या होत्या. शेतात आणि मीठ-मासळीत राबणाऱ्या बायांसाठी तो दरवाजा नव्हता. त्यांच्या बाजूने बोलणारे पुस्तक पुष्कळ उशिरा आले. बेबीताई कांबळे ह्यांचे 'जिणं अमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. गावाने वाळीत टाकलेला समाज आणि त्या समाजातही सुनेच्या वाट्याचा जाच, दोन्ही त्यांनी लिहिले. नवऱ्याच्या धाकाने त्यांनी ते कागद कित्येक वर्षे लपवून ठेवले होते. आपल्या घरात असे किती कागद लपलेले असतील, कोण सांगेल?

आता वैनींच्या प्रश्नाकडे वळतो. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंड देशातल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस घरचे-बाहेरचे सारे काम बंद ठेवले. पुरुष मुलांना बरोबर घेऊन कचेऱ्यांत गेले. पेज कोण वाढते हे अवघ्या देशाला एका दिवसात कळले, आणि पुढच्याच साली तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. आपल्याकडे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने, विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. यमूला ज्याची वाट होती ते गावाने म्हणावयास एकशेतीस वर्षे लागली. ठरावाने माणसाचे मन एका रात्रीत पालटत नाही, हे मलाही कळते. पण 'लक्ष्यात कोण घेतो' ह्या प्रश्नाला एका गावाने सही करून उत्तर दिले, हे लहान नव्हे.

माझ्या कादंबरीचा शेवट आता बदलता येत नाही. छापलेला शब्द आणि सुटलेला बाण सारखाच. पण नव्या कादंबरीचे पहिले प्रकरण लिहून झाले आहे. त्यात पहाटे विहिरीवर गेलेली बाई कळशी भरून परत येते आणि चुलीवर पेजेचे आधण ठेवते. पुढे तिचे काय करावे हे मला अजून नीट सुचलेले नाही. वैनींना विचारतो आहे. त्या म्हणतात, दिवाळीचा फराळ उरकू द्या, मग सांगते.

वाचकहो, तुमच्याही घरी ह्या दिवसांत आजी, आत्या, मावशी करंज्या भरीत बसल्या असतील. मुरड घालता घालता त्या काहीबाही सांगतील. त्यांना 'पुरे तुझे पुराण' म्हणू नका. शेजारी बसा, एखादी करंजी तुम्हीही भरा, आणि मुलाला वही-पेन्सिल आणावयास सांगा.