जनुकोपचार : चार मुलांचा पुरावा

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नाही आणि लहान मुलांचे स्नायू झिजत जातात. त्यावरील जनुकोपचाराचा जेरी मेंडेल व सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०२० साली 'जामा न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. त्याचे वाचन पुरावा आणि भाषा या दोन्ही अंगांनी व्हावयास हवे.

डिस्ट्रॉफिनचा सांकेतिक मजकूर सुमारे ११ हजार अक्षरांचा. वाहक विषाणूत जागा जेमतेम ५ हजारांची. म्हणून काटछाट केलेले 'मायक्रो-डिस्ट्रॉफिन' वापरले गेले. ही कल्पना निराधार नव्हती. या मजकुराचा जवळजवळ निम्मा भाग नसूनही ६१ व्या वर्षी चालू शकणाऱ्या रुग्णाची नोंद १९९० मध्ये झाली होती.

प्रयोगात मुले फक्त ४. वर्षभरात स्नायूंत प्रथिन दिसले, हालचालींचे गुणही वाढले. मात्र प्लासिबो गट नव्हता, आणि या कोवळ्या वयात आजारी मुलाचीही क्षमता काही काळ आपसूक वाढते. वाढीचे श्रेय कोणाला, हे चार मुलांवरून ठरत नाही. मेंडेल यांचाच २०१० चा निबंध या बाबतीत अधिक मोलाचा वाटतो : ६ मुलांच्या दंडात जनुक टोचूनही प्रथिन टिकले नाही आणि प्रतिकारशक्तीच डिस्ट्रॉफिनवर उलटल्याचे त्यात स्पष्ट नोंदले आहे.

उर्दूत इलाज आणि शिफा हे वेगळे शब्द आहेत. इलाज वैद्य करतो, शिफा लाभते किंवा लाभत नाही. मराठी 'उपचार' या शब्दात वाचक बहुधा दोन्ही ऐकतो. प्रथिन दिसणे म्हणजे तर शिफा नव्हेच. तरीही प्रामुख्याने त्याच आधारावर अमेरिकेत २०२३ साली या औषधाला त्वरित मान्यता मिळाली. किंमत ३२ लाख डॉलर. पुढे १२५ मुलांच्या चाचणीत ३४ गुणांच्या मोजपट्टीवर फरक निघाला ०.६५ गुणाचा, तोही संख्याशास्त्रीयदृष्ट्या अपुरा. उठून उभे राहण्याच्या वेळेत थोडा फायदा दिसला, हेही नमूद केले पाहिजे. २०२५ मध्ये, चालू न शकणारे दोन रुग्ण औषधानंतर यकृत निकामी होऊन दगावले. त्यानंतर वापर चालू शकणाऱ्यांपुरता मर्यादित झाला.

'एकदाच घ्यावयाचा डोस' हे वर्णन सोयीचे वाटते. वस्तुतः पहिल्या डोसानंतर शरीरात वाहक विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून आज तरी दुसरा डोस देता येत नाही. उद्या याच वाहकातून अधिक चांगले जनुक आले, तरी आज डोस घेतलेल्या मुलाला ते बहुधा मिळणार नाही.