‘अ कॉल टू स्पाय’ : संशयितांची निष्ठा

दुसऱ्या महायुद्धातील हेरांवर निघालेले चित्रपट मोजायला बसले तर हाताची बोटे पुरायची नाहीत. त्यांत स्त्री-हेरांवरचे मात्र थोडे. आणि एक बाई रुमानियातून आलेली यहुदी, दुसरी बडोद्याच्या गवय्या घराण्यातील मुसलमान व तिसरी लाकडी पायाची अमेरिकन, अशा तिघींवरचा चित्रपट आमच्या पाहण्यात तरी हा पहिलाच. ‘अ कॉल टू स्पाय’ हे त्याचे नाव. दिग्दर्शिका लिडिया डीन पिल्चर. पटकथा सारा मेगन थॉमस या बाईंची, आणि तिघींपैकी व्हर्जिनिया हॉलची भूमिकाही त्यांनीच केली आहे. जून २०१९ मध्ये, आम्हां ग्लासगोकरांपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर, एडिनबरोच्या चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवण्यात आला. सर्वत्र प्रदर्शित व्हायला २०२० साल उजाडले आणि ते साथीचे वर्ष. त्यामुळे बहुतेकांनी तो घरच्याच पडद्यावर पाहिला, तसा आम्हीही.

आपल्या वाचकांना या चित्रपटाचे अगत्य वाटावे अशी कारणे दोन. पहिले, नूर इनायत खानची भूमिका पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे हिने केली आहे. मराठी रंगभूमीवर वावरलेली मुलगी हॉलिवूडच्या चित्रपटात पॅरिसच्या गल्ल्यांतून बिनतारी यंत्राची पेटी घेऊन फिरते आहे, हे पाहून आमच्या घरातील वडीलधाऱ्यांस उगाचच आपली भाची पाहिल्यासारखे झाले. सिनेमा म्हटला की आपल्या लोकांचे कान टवकारतात, ही जुनीच खोड. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपले, ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा डेव्हिड अब्राहम आपले. तेव्हा ही खोड क्षम्य समजावी.

दुसरे कारण व्हेरा अ‍ॅटकिन्स, आणि आमच्या मते चित्रपटाचा खरा जीव तिच्यात आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर चर्चिलच्या सरकारने एक गुप्त खाते काढले. शत्रूच्या ताब्यातील देशांत माणसे उतरवायची, पूल व कारखाने उडवायचे, तिथल्या लोकांस शस्त्रे पुरवायची, असे त्याचे काम. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर त्याची कचेरी होती. फ्रान्सच्या शाखेचा प्रमुख मॉरिस बकमास्टर (हे काम लायनस रोच यांनी केले आहे) आणि त्याचा उजवा हात व्हेरा अ‍ॅटकिन्स. या शाखेने चारशेच्या वर माणसे फ्रान्समध्ये पाठवली व त्यांत ३९ बायका होत्या. सैनिकी वयाचा पुरुष रस्त्यावर दिसला की जर्मन त्यास हटकत, बाई मात्र सायकलीवर भाजीची पिशवी टांगून निघून जाऊ शके. बायकांस घेण्यामागचा व्यवहारी हिशेब हा होता. चित्रपटात तो सांगितला आहे, पण जरा भाषणबाजीच्या सुरात. या चित्रपटातील पात्रांना एकमेकांस माहीत असलेल्या गोष्टी समजावून सांगण्याची वाईट सवय आहे.

व्हेराचे मूळ नाव व्हेरा रोझेनबर्ग. जन्म १९०८, रुमानियातील गलात्स गावचा. वडील ज्यू. युद्धाच्या दोन वर्षे आधी ती इंग्लंडात आली व तिने आईच्या माहेरचे अ‍ॅटकिन्स हे नाव धारण केले. १९४१ च्या अखेरीस ब्रिटनने रुमानियाशी युद्ध पुकारले, आणि साम्राज्याची सर्वांत नाजूक गुपिते ज्या बाईच्या टेबलावर होती ती बाई कायद्याने शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली! नागरिकत्वाचा तिचा अर्ज एकदा फेटाळला गेला. ते हाती पडले १९४४ साली. तोवर तिने कितीजणींना विमानतळावर पोहोचवले होते. निघण्यापूर्वी त्यांचे खिसे ती स्वतः तपासायची. लंडनच्या बसचे तिकीट किंवा इंग्रजी शिंप्याची खूण राहिली तर तेवढ्यावर जीव जायचा. नूरला निरोप देताना आपल्या कोटावरची चांदीच्या पक्ष्याची पिन तिने काढून दिली, असे सांगतात.

स्टाना कॅटिक या नटीने ही व्हेरा फार संयमाने उभी केली आहे. सिगारेट, नीट बसवलेले केस, आणि कागदपत्रांचा विषय निघाला की किंचित ताठ होणारी मान. कचेरीतील साहेब लोक तिच्याशी सभ्यतेने वागतात, पण त्या सभ्यतेखालची ‘ही आपली नव्हे’ ही कुजबुज चित्रपटाने अचूक टिपली आहे. परदेशात सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे जो उभा राहिला आहे, ज्याचे नाव कारकुनाने दोनदा विचारून तिसऱ्यांदा चुकीचे लिहिले आहे, त्याला हे प्रसंग वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

आणि आपल्या समाजाला तर मुळीच नाही. १९६२ नंतर इस्राएलात विवाहाच्या प्रश्नावरून आपल्याच धर्मपंडितांनी आपल्या यहुदीपणाची चौकशी मांडली; लोकांना रस्त्यावर उतरावे लागले, उपोषणे करावी लागली. १९६४ साली क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले, तेव्हा कुठे ते प्रकरण निवळले. त्या दिवसांतही आपली मुले तिथल्या सैन्यात नोकरी करीतच होती. ज्याच्यावर संशय घेतला जातो त्याने निष्ठा कशी निभवावी, हा या चित्रपटाचा गाभ्यातला प्रश्न आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. व्हेराचे उत्तर आपल्या उत्तराहून वेगळे होते, हेही लिहून ठेवले पाहिजे. तिने आपले ज्यूपण आयुष्यभर शक्य तितके झाकून ठेवले. इंग्रजाहून इंग्रज होऊन ती जगली. चित्रपटातील व्हेरा त्या मानाने मोकळी आहे. खरी बाई अधिक गूढ होती आणि, आम्हांस वाटते, अधिक दुःखी.

नूरची कथा बडोद्यापासून सुरू होते. तिचे पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली. त्यांचे नातू इनायत खान वीणा वाजवीत, गात, आणि १३ सप्टेंबर १९१० रोजी सूफी विचार सांगण्यासाठी देश सोडून पश्चिमेस निघाले. नूरचा जन्म १९१४ साली मॉस्कोत, आई अमेरिकन, बालपण पॅरिसजवळ. तिने बालमानसशास्त्राचा अभ्यास केला, जातककथा मुलांसाठी लिहिल्या. एका ज्यू संगीत-विद्यार्थ्याशी तिचा विवाह ठरून काही वर्षांनी मोडला. अहिंसेच्या संस्कारात वाढलेली ही मुलगी १९४० साली हवाई दलाच्या स्त्री-शाखेत भरती झाली आणि बिनतारी यंत्राचे शिक्षण तिने घेतले ते इथेच, स्कॉटलंडात, एडिनबरोस. अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे मुलाखतीत, युद्ध संपल्यावर आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहू असे तिने स्पष्ट सांगितल्याचे तिच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. एवढा नाट्यमय प्रसंग हाताशी असता चित्रपटाने त्याचे चीज केले नाही याची चुटपुट लागते. राधिका आपटे मन लावून काम करते. तिचे डोळे बोलतात. पण तिला दिलेली नूर म्हणजे भित्री, गोड, देवभोळी मुलगी. बडोदे, वीणा, वडील हे सारे दोन-चार वाक्यांत उरकले आहे. हिंदुस्थान म्हणजे पाश्चात्त्य चित्रपटकारांना अजूनही अत्तराचा फाया: कानात खोचला की झाले.

व्हर्जिनिया हॉलबद्दल तक्रार कमी. १९३३ साली तुर्कस्तानात शिकारीच्या वेळी आपल्याच बंदुकीची गोळी लागून तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि त्या कारणास्तव अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तिला वकिलातीतील वरच्या नोकरीस नालायक ठरवले. लाकडी पायाला तिने ‘कथबर्ट’ असे नाव ठेवले होते. ऑगस्ट १९४१ मध्ये वार्ताहर म्हणून ती फ्रान्समध्ये शिरली, लियों शहरात तिने जाळे विणले, आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन अंगावर आले तेव्हा त्याच पायाने बर्फातून पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरली. पर्वतातील तो भाग चित्रपटात उत्तम साधला आहे. तिथे कोणी भाषण करीत नाही. नुसता श्वास ऐकू येतो.

मात्र इतिहासाशी घेतलेली एक मोकळीक आमच्या गळी उतरत नाही. चित्रपटात व्हर्जिनिया आणि नूर या मैत्रिणी आहेत, एकाच काळात दोघींची मोहीम चालली आहे. वास्तविक नूर फ्रान्समध्ये उतरली जून १९४३ मध्ये, व्हर्जिनिया निसटून गेल्यावर सात महिन्यांनी. कथेच्या सोयीसाठी एवढे चालते, असे आमच्या घरातील तरुण मंडळींचे मत पडले. आमचे तसे नाही. या कामातील भयंकर गोष्ट म्हणजे एकटेपणा. नूरला मैत्रीण दिली की नूरच्या वाट्याचे अर्धे धैर्य काढून घेतल्यासारखे होते. ती पॅरिसला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत तिथले सारे जाळे जर्मनांनी उद्ध्वस्त केले. लंडनने परत ये म्हटले, ती राहिली. सुमारे पंधरा किलोंचे यंत्र पेटीत घालून घर बदलीत, लांब तार झाडावर टाकीत तिने ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवले. मग फितुरी झाली आणि ती पकडली गेली.

इथून पुढे जे घडले त्याकडे चित्रपट नीट पाहत नाही. नूरने आपले संदेश वहीत लिहून ठेवले होते. सूचनेचा अर्थ तिने तसा घेतला होता. ती वही जर्मनांच्या हाती लागली. तिचेच यंत्र, तिचीच पद्धत वापरून ते लंडनशी बोलू लागले आणि बेकर स्ट्रीटला ते खरे वाटले. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस त्या खोट्या संदेशांवर विसंबून आणखी माणसे विमानातून सोडण्यात आली, ती थेट जर्मनांच्या पुढ्यात. त्यांत मादलेन दामरमाँ नावाची फ्रेंच मुलगी होती. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊ येथे नूरला गोळी घालण्यात आली तेव्हा तिच्यासोबत आणखी तिघींस मारले, आणि त्यांत ही मादलेन होती. वडिलांनी बडोदे सोडले ती तारीखही हीच, चौतीस वर्षांपूर्वीची.

ही चूक बकमास्टरची आणि काही अंशी व्हेराचीही. जुन्या चित्रपटांकडून याची अपेक्षा नव्हती. ‘ओडेट’ (१९५०) मध्ये तर बकमास्टर साहेब स्वतःच्याच भूमिकेत उभे राहिले होते, मग कचेरीचा दोष कोण दाखवणार? ‘कार्व्ह हर नेम विथ प्राइड’ (१९५८) हाही त्याच सुरातला. पण २०१९ साली, सगळी कागदपत्रे उघडी झाल्यावर, बायकांनी बायकांवर काढलेल्या चित्रपटाने हे टाळावे? शौर्याची गोष्ट सांगताना ते शौर्य कोणाच्या हलगर्जीपणामुळे वाया गेले हे गाळले, तर ती मानपत्राची भाषा होते. ‘राझी’ (२०१८) हा हिंदी चित्रपट या बाबतीत अधिक धीट होता. तिथे हेर मुलगी आपल्याच वरिष्ठांस जाब विचारते.

युद्धानंतर व्हेराने जे केले ते तर आमच्या मते वेगळ्या चित्रपटाचा विषय आहे. शाखेची ११८ माणसे बेपत्ता होती. ती जर्मनीत गेली, तुरुंगाधिकाऱ्यांची आणि छावण्यांतील पहारेकऱ्यांची उलटतपासणी घेतली, आणि एक सोडून सर्वांचा माग लावला. नूर प्रथम फोर्झहाइमच्या तुरुंगात साखळदंडात होती, हे त्यातूनच उजेडात आले. १९४९ साली नूरला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२ साली तिचा अर्धपुतळा बसवला. ‘आईचे मन’ असे कोणी व्हेराच्या या शोधाला म्हणतील. आम्ही त्यास हिशेब म्हणू.

ग्लासगोत राहून हा चित्रपट पाहताना आणखी एका बाईची आठवण येते, आणि तिचा यात उल्लेखही नाही, असण्याचे कारणही नाही. जेन हेनिंग. स्कॉटिश, पूर्वी पेझलीच्या दोऱ्याच्या कारखान्यात नोकरीस होती. बुडापेस्ट येथील स्कॉटिश मिशनच्या शाळेत ती मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन झाली, आणि त्या मुलींत पुष्कळ यहुदी होत्या. परत या म्हणून बोलावणी आली तरी ती हलली नाही. एप्रिल १९४४ मध्ये तिला अटक झाली. आरोपांची यादी अशी: बीबीसी ऐकणे, यहुद्यांत काम करणे, मुलींच्या कपड्यांवर पिवळा तारा शिवताना रडणे, आणि इंग्लंडसाठी हेरगिरीचा संशय. त्याच वर्षी जुलैत ती आउश्वित्झ येथे मरण पावली. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क चर्चमध्ये १९४८ साली तिच्या स्मरणार्थ रंगीत काचांच्या दोन खिडक्या बसवण्यात आल्या. याद वाशेमने १९९७ साली तिचा गौरव केला. ‘अ कॉल टू स्पाय’चे चित्रण बऱ्याच अंशी बुडापेस्टमध्येच झाले आहे; पडद्यावर जे फ्रान्स दिसते त्यातले पुष्कळ रस्ते जेन हेनिंगच्या शहराचे आहेत. अशी एखादी हेर नसलेली हेर कोणी पडद्यावर आणील तर आम्ही पहिल्या रांगेत बसू.

चित्रपट दोन तासांहून थोडा अधिक आहे. छळाचे प्रसंग आहेत, त्यामुळे लहान मुलांना सोबत बसवू नये. बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलींना अवश्य दाखवावा, आणि दाखवण्याआधी मौलाबक्षांच्या गायनशाळेची गोष्ट घरातल्या कोणीतरी त्यांना सांगावी, कारण चित्रपट ती सांगत नाही. नूरवर श्रबणी बसू यांचे ‘स्पाय प्रिन्सेस’ आणि व्हेरावर सारा हेल्म यांचे ‘अ लाइफ इन सीक्रेट्स’ ही दोन पुस्तके इंग्रजीत आहेत. दुसरे आधी वाचावे.