शिक्षकाची उमेदवारी

जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांचें ‘सिच्युएटेड लर्निंग’ हें पुस्तक इ. स. १९९१ मध्यें केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केलें. पुस्तक लहानसें, एका रविवारीं वाचून व्हावें एवढेंच. परंतु त्यांतला एक शब्दप्रयोग पुढें शिक्षणखात्यांच्या परिपत्रकांतून इतका फिरला कीं, मूळ पुस्तकांत आहे तरी काय, हें पाहण्याची गरज फारशी कोणास वाटेनाशी झाली. ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ हा तो शब्दप्रयोग. त्यास मराठींत ‘समव्यवसायी मंडळी’ म्हणणें मला त्यांतल्या त्यांत बरें वाटतें. मंडळ नेमतां येतें, मंडळी जमावी लागते. आणि पुस्तकाचा सारा आशय या भेदांत आहे.

मौजेची गोष्ट ही कीं, शिक्षकांच्या तोंडीं बसलेल्या या पुस्तकांत शाळा जवळजवळ नाहींच. लेखकद्वयानें ती जाणूनबुजून वगळली आहे. युकातानमधील माया सुइणी, लायबेरियांतील वाई व गोला शिंपी, अमेरिकन नौदलांत जहाजाची दिशा मापणारे खलाशी, मोठ्या दुकानांतले खाटीक, आणि दारू सोडलेल्या माणसांचा मेळा, अशीं पांच उदाहरणें त्यांत आहेत. शिंप्याचें उदाहरण थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. उमेदवार पोर प्रथम काजें, बटणें व तुरपाई शिकतें, मग शिलाई, आणि कापड बेतणें सर्वांत शेवटीं. म्हणजे कपडा ज्या क्रमानें तयार होतो त्याच्या नेमका उलट. तुरपाई चुकली तर उसवतां येते, बेत चुकला तर कापड फुकट जातें. शिवाय पुरा कपडा कसा दिसतो हें पोराच्या डोळ्यांपुढें पहिल्या दिवसापासून राहतें. खाटकांची गोष्ट याहून उलट. तेथें उमेदवारास मांस गुंडाळण्याच्या यंत्रापाशीं उभें करीत, आणि कसबी माणसें निराळ्या जागीं कापणी करीत. जें काम शिकावयाचें तेंच दृष्टीआड! हीं दोन-चार पानें वाचून मीं पुस्तक मिटलें व बराच वेळ तसाच बसून राहिलों.

कारण मी अध्यापक झालों त्या दिवशीं मला हजेरीपट व अभ्यासक्रमाची प्रत मिळाली, आणि वर्गाचें दार मागें लागलें. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत माझें व्याख्यान ऐकावयास एकही सहाध्यापक आला नाहीं. (तपासणीचे पाहुणे मी यांत धरीत नाहीं, ते ऐकत नसतात, लिहीत असतात.) एकदां एका ज्येष्ठ सहकाऱ्यांस ‘तुमच्या तासाला शेवटच्या बाकावर बसूं का?’ असें मीं विचारलें. त्यांस ती आपली परीक्षा वाटली, आणि आमचा एकत्र चहा कित्येक महिने बंद पडला. डॅन लॉर्टी यांनीं ‘स्कूलटीचर’ या इ. स. १९७५ च्या ग्रंथांत शिक्षकाच्या या विचित्र उमेदवारीचें वर्णन केलें आहे. विद्यार्थी असतांना आपण हजारों तास शिक्षक पाहिलेला असतो, परंतु बाकावरून. त्याचें बोलणें दिसतें. त्यानें काय सांगावयाचें टाळलें आणि कां टाळलें, हें दिसत नाहीं.

हें दार उघडण्याची रीत जपानी प्राथमिक शाळांत फार दिवसांपासून आहे. जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट यांनीं ‘द टीचिंग गॅप’ (१९९९) मध्यें तिचें वर्णन केलें आहे. पांच-सहा शिक्षक मिळून एकच पाठ कित्येक आठवडे घडवितात. वजाबाकीच्या पहिल्या उदाहरणांत कोणते आंकडे घ्यावे, यावरही खल होतो. आणि तो अस्थानीं नव्हे. तेरांतून नऊ वजा करावयास दिले तर मूल दहांतून नऊ काढून उरलेला एक तिनांत मिळवील. बारांतून तीन दिले तर आधीं दोन काढील, मग एक. आंकडा बदलला कीं मुलाच्या विचाराची वाट बदलते. मग एकजण पाठ घेतो व इतर मुलांच्या वह्यांपाशीं उभे राहून टिपणें करितात. पाठ सर्वांचा असल्यामुळें टीका पाठावर होते, शिकविणाऱ्यावर नाहीं.

लेव्ह-वेंगर यांच्या पुस्तकांत मला जी उणीव वाटते ती येथें भरून निघते. मंडळी म्हणजे नेमकें काय, हें त्यांनीं मोघमच ठेविलें आहे. आणि मंडळींतले सारेच एका वाईट रीतीस सरावलेले असतील तर नवागत तीच रीत निष्ठेनें उचलील, या शंकेचें समाधान तेथें होत नाहीं. जपानी रीतींत मुलाची वही साक्षीला असते, व बहुधा बाहेरचा एखादा जाणकारही बोलावलेला असतो. वेंगर यांचें पुढचें लेखन मात्र निराळ्याच दिशेस गेलें. इ. स. २००२ मध्यें दोन सहलेखकांसह त्यांनीं अशा मंडळी जोपासाव्या कशा, याचें पुस्तक लिहिलें. तें कारखानदारांच्या व्यवस्थापकांस उपयोगी पडलें असेल, मला तें कंटाळवाणें वाटलें.

आपल्याकडे हा विचार अगदींच नवा नव्हे. जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगानें (१९६४–६६) माध्यमिक शाळेभोंवतीं आसपासच्या प्राथमिक शाळा गुंफून शाळासंकुलें करावीं, म्हणजे शिक्षकाचें एकाकीपण कमी होईल, असें सुचविलें होतें. आज महाराष्ट्रांत केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. त्यांत परिपत्रकें वाचण्यांत किती वेळ जातो आणि एखाद्या मुलाच्या चुकलेल्या गणितावर किती, एवढें ज्यानें त्यानें घड्याळ लावून पाहावें.

माझ्यापुरतें म्हणाल तर मंडळी मला भेटली ती उत्तरपत्रिका तपासण्याच्या दालनांत. एका विद्यार्थ्यानें प्रश्नाचें उत्तर न लिहितां, प्रश्नच कसा चुकला आहे हें दीड पान लिहिलें होतें. शेजारच्या परीक्षकांनीं त्यास शून्य दिलें. मीं दहांपैकीं सात दिले असते. वाद सुरू झाला, आणखी तिघेजण खुर्च्या ओढून आले. प्रश्न आपण कशाकरितां विचारतों, वर्गांत असें बोलणारा मुलगा निघाला तर काय करितों, येथपर्यंत बोलणें गेलें. ज्यांच्याशीं पंधरा वर्षें केवळ नमस्कारापुरता संबंध होता, त्यांचा वर्ग कसा चालत असावा हें मला त्या अर्ध्या तासांत कळलें. मग पर्यवेक्षकांनीं राहिलेले गठ्ठे मोजून दाखविले, आणि आम्ही आपापल्या जागीं परतलों.