गुडघे टेकलेले आईबाप

स्मारक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम चौथरा उभा राहतो. चौथऱ्यावर घोडा, घोड्यावर वीर. घोडा नसेल तर निदान हातात तलवार किंवा ग्रंथ धरलेला पुरुष. खाली संगमरवरी पाटी, आणि पाटीवर अनावरण करणाऱ्याचे नाव, जे पुष्कळदा ज्याचे स्मारक त्याच्या नावाहून ठसठशीत कोरलेले असते. आपल्या दफनभूमीतील शिल्पांची तऱ्हा थोडी निराळी. तिथे पंख मिटलेला देवदूत असतो, पुष्पहार घातलेला क्रूस असतो. एक शिल्प मृताची थोरवी सांगते, दुसरे मागे उरलेल्यांचे सांत्वन करते. बेल्जियममधील व्लाडस्लो गावाजवळच्या जर्मन लष्करी दफनभूमीत ग्रॅनाइटच्या ज्या दोन आकृती आहेत, त्या यांपैकी काहीच करीत नाहीत. आजवर पाहिलेल्या सार्वजनिक शिल्पांपैकी मला सर्वांत प्रिय कोणते असे कोणी विचारले, तर मी या दोघांकडे बोट दाखवीन.

ही शिल्पे घडविणारी केटे कोलविट्झ (१८६७–१९४५) मुळात शिल्पकार म्हणून नव्हे, तर चित्रमुद्रणकार म्हणून प्रसिद्ध झाली. विणकरांच्या उठावावरील आणि शेतकऱ्यांच्या बंडावरील तिच्या चित्रमालिकांनी तिला नाव मिळवून दिले. पती कार्ल बर्लिनमधील कामगारवस्तीत डॉक्टर होता. दोन मुलगे, हान्स आणि पेटर. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा अठरा वर्षांच्या पेटरला स्वेच्छेने सैन्यात जायचे होते. पण एकवीस वर्षांखालील मुलाला वडिलांच्या संमतीवाचून तशी भरती होता येत नसे. कार्लने नकार दिला. मुलाने आईकडे पाहिले. आईने मुलाची बाजू घेतली आणि कार्लला विनवले. कार्ल अखेर कबूल झाला. ही हकीकत केटेने स्वतःच आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच, बेल्जियममधील डिक्समाउडजवळ, पेटर मारला गेला.

मुलांच्या कागदांवर आपण सारेच सह्या करतो. शाळेच्या सहलीच्या, शस्त्रक्रियेच्या, परदेशी शिक्षणाच्या. केटेची सही कोणत्याच कागदावर नव्हती, आणि तरी ती संमती तिचीच होती. या शिल्पांकडे पाहताना ही एक गोष्ट ठाऊक असणे मला अगत्याचे वाटते. कलाकृतीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, चरित्राच्या कुबड्या घेऊ नयेत, असे समीक्षक सांगतात आणि ते बहुधा खरेही आहे. पण इथे चरित्र बाहेरून चिकटवलेले नाही. ते दगडाच्या ठेवणीतच उतरले आहे.

डिसेंबर १९१४ मध्येच तिच्या मनात स्मारकाची कल्पना आली. मुलाचा देह आडवा पसरलेला, उशाशी बाप, पायाशी आई, अशी ती पहिली योजना. रुळलेली आणि कोणालाही चटकन भिडेल अशी. त्यावर तिने काही वर्षे काम केले आणि १९१९ मध्ये ते बाजूला ठेवले. मी परत येईन, हे काम पुरे करीन, असे जणू त्या मुलालाच वचन देऊन ठेवले. पुन्हा हात घातला तो काही वर्षांनी. शिल्पे पुरी होऊन जुलै १९३२ मध्ये बेल्जियममधील रोगेवेल्ड येथील दफनभूमीत बसविण्यात आली. पहिल्या कल्पनेपासून बसवणुकीपर्यंत जवळजवळ अठरा वर्षे लोटली, म्हणजे पेटर जितका जगला तितकीच.

या अठरा वर्षांत सर्वांत मोठा बदल कोणता झाला असेल, तर मुलगा शिल्पातून नाहीसा झाला. उरले ते फक्त आईबाप. कलेच्या दृष्टीने हाच निर्णय मला निर्णायक वाटतो. मुलाचा देह तिथे असता तर पाहणाऱ्याची नजर त्याच्यावर खिळली असती. त्याचे तारुण्य, त्याचे सौंदर्य, त्याचा त्याग यांविषयी आपण हळहळलो असतो, आणि त्या हळहळीत आईबाप केवळ साथीदार झाले असते. देह गेल्यावर आईबापांसमोर काय उरले? समोरची कबरींची शेते. त्यांचा मुलगा शिल्पात नाही, जमिनीत आहे. आणि त्याच्याबरोबर इतरांचेही.

वडील गुडघ्यांवर ताठ आहेत. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःलाच आवळून धरले आहे, जणू धरले नाही तर आतले काही बाहेर सांडेल. ओठ घट्ट मिटलेले. आई पुढे वाकली आहे, खांद्यांवरून घेतलेल्या वस्त्रात मिटून गेली आहे, मान खाली. आईच्या चेहऱ्यात केटेचा स्वतःचा चेहरा आहे, वडिलांच्या चेहऱ्यात कार्लचा. दोघे स्वतंत्र चौथऱ्यांवर आहेत. एकमेकांना स्पर्श नाही, दृष्टिभेट नाही. एकाच दुःखात सापडलेली माणसे जवळ येतात असे आपण मानतो. ज्यांनी घरात मृत्यू पाहिला आहे त्यांना ठाऊक असते की पुष्कळदा तसे होत नाही. एकाच छपराखाली दोघे आपापले दुःख वेगवेगळे वाहतात. एकाने नकार दिला होता आणि दुसऱ्याने मन वळविले होते, अशा घरात तर ते अधिकच.

शिल्प म्हणून दोन्ही आकृती सारख्या तोलाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. बाप थोडा खांबासारखा वाटतो; शोकाचे चिन्ह होण्याची त्याला जरा घाई झाली आहे. आई मात्र अपूर्व आहे. तिच्या वाकण्यात केवळ शोक नाही. शोकाने माणूस कोसळतो, भिंतीला टेकतो, जमिनीवर पडतो. ही कोसळलेली नाही. ही मुद्दाम गुडघ्यांवर आली आहे. आपल्याला ही मुद्रा चांगली परिचयाची आहे. पापनिवेदनाच्या वेळी आपण अशीच मान घालतो. केटे चर्चला जाणाऱ्यांपैकी नव्हती. तिचे आजोबा युलिउस रूप हे अधिकृत प्रॉटेस्टंट चर्चमधून बाहेर पडावे लागलेले आणि स्वतंत्र मंडळी स्थापणारे धर्मोपदेशक होते. त्या कडक, नीतिनिष्ठ वातावरणात ती वाढली. तेव्हा मी माझ्या श्रद्धेतील मुद्रा तिच्यावर लादतो आहे, असा आक्षेप कोणी घेईल तर तो मला नाकारता येणार नाही. पण देशोदेशींच्या युद्धस्मारकांत मेलेल्यांचे आभार मानलेले असतात, त्यांना वंदन केलेले असते. त्यांची क्षमा मागणारे स्मारक मला तरी दुसरे माहीत नाही.

आता दुसऱ्या शिल्पाविषयी बोलणे भाग आहे, कारण कोलविट्झचे नाव आज अधिक लोक ओळखतात ते त्याच्यामुळे. १९३७–३८ मध्ये, सत्तरीत, तिने एक लहान शिल्प घडविले. जेमतेम ३८ सेंटिमीटर उंचीचे. मृत मुलाला घेऊन बसलेली आई. नाझी राजवटीने तिला १९३३ मध्येच प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडायला लावले होते. या शिल्पात तिला पिएताचे रूप दिसले, पण ते धार्मिक नाही असेही तिने लिहून ठेवले.

पिएता हा शब्द ऐकताच आपल्यापुढे संत पेत्राच्या महामंदिरातील मिकेलँजेलोचे शिल्प येते. गंमत अशी की क्रुसावरून उतरविलेला देह मातेच्या मांडीवर ठेवला, हा प्रसंग चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. तो भक्तांच्या मनात जन्मला, क्रुसाच्या वाटेतील तेरावे स्थान झाला, आणि त्याला लाकडात कोरण्याची प्रथा इटलीत नव्हे तर जर्मन प्रदेशात, चौदाव्या शतकाच्या सुमारास रुजली. म्हणजे केटे परक्या परंपरेची उसनवारी करीत नव्हती. मिकेलँजेलोची मरिया तरुण आहे, निर्मळ आहे, आणि तिचा डावा हात उघडा आहे. हे पाहा, असे ती जगाला सांगते. केटेची आई म्हातारी आहे. मुलगा मांडीवर नाही, तो तिच्या पायांमध्ये जमिनीवर घसरलेला आहे आणि तिने त्याला आपल्या वस्त्रांच्या घडीत ओढून घेतले आहे. ती काही दाखवीत नाही, लपवू पाहते. जिवंतपणी जे तिने केले नाही ते ती आता, उशिरा, करते आहे.

जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९३ मध्ये हेल्मूट कोल यांच्या सरकारने बर्लिनमधील नॉये वाखे ही जुनी चौकी युद्ध आणि जुलूम यांच्या बळींचे राष्ट्रीय स्मारक म्हणून निश्चित केली, आणि त्या रिकाम्या दालनात हे शिल्प ठेवले. मात्र हाराल्ड हाके या शिल्पकाराकडून सुमारे चौपट मोठे करवून. छताला मधोमध वर्तुळाकार झरोका आहे. ऊन, पाऊस, बर्फ सारे त्या आईवर पडते. हे दृश्य मनाला चटका लावते, यात शंका नाही. तरी माझे मत प्रतिकूल आहे. ३८ सेंटिमीटरचे शिल्प पाहायला माणसाला जवळ जावे लागते, वाकावे लागते. कोणाच्या घरातले दुःख चोरून पाहावे तसा संकोच वाटतो. चौपट केल्यावर तो संकोच गेला आणि त्याच्या जागी राष्ट्राचे भाषण आले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि आपल्याला पिएता इतकी आपली वाटते की तो ऐकून घेणे जड जाते. इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांनी तेव्हा विचारले की मुलासाठी रडणारी जिवंत आई पहिल्या महायुद्धाचे चित्र म्हणून ठीक आहे, पण दुसऱ्या महायुद्धात ज्या लक्षावधी स्त्रिया स्वतःच मारल्या गेल्या त्यांचे काय? ज्यू आयांसाठी रडायला कोण उरले होते? आणि छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ ख्रिस्ती शोकप्रतिमा का? मारणारे आणि मारले गेलेले एकाच ‘बळी’ या शब्दाखाली झाकले जाऊ नयेत, म्हणून ज्यू समाजाचे नेते इग्नाट्स बुबिस यांनी आग्रह धरला आणि प्रवेशद्वाराजवळ बळींच्या समूहांचा स्पष्ट उल्लेख करणारी पाटी लावली गेली. शिल्पाला जे सांगता आले नाही ते पाटीला सांगावे लागले. यात केटेचा दोष तिळमात्र नाही. तिने एका आईचे शिल्प केले होते. त्याच्यावर राष्ट्राचा भार इतरांनी घातला.

व्लाडस्लोच्या आईबापांना अशा पाटीची गरज नाही. ते आपण बळी आहोत असे म्हणत नाहीत. उलट, ज्यांनी जाऊ दिले त्यांच्यापैकी आम्ही आहोत, एवढेच म्हणतात. केटेने हे केवळ दगडात सांगितले असेही नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये युद्ध हरत आले असता कवी रिचर्ड डेमेल यांनी उरल्यासुरल्या पुरुषांना स्वेच्छेने आघाडीवर येण्याचे आवाहन केले, तेव्हा तिने वृत्तपत्रातून जाहीर विरोध केला. बियाण्याचे दाणे दळू नयेत, हे गटेचे वचन तिने त्यासाठी वापरले. भातशेती केलेल्या आपल्या घरांत याचा अर्थ कोणाला फोड करून सांगावा लागणार नाही. उपास पडला तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नसतो. याच नावाचे शिळामुद्रण तिने १९४२ मध्ये केले. एक आई, आणि तिच्या बाहूंखाली दडलेली, बाहेर डोकावणारी मुले. त्याच वर्षी तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. हान्सने आपल्या मुलाचे नाव भावाच्या आठवणीत पेटर ठेवले होते.

रोगेवेल्डच्या कबरी १९५६ मध्ये व्लाडस्लोला हलविल्या गेल्या आणि त्यांच्यामागून आईबापही तिथे आले. आता तिथे २५,००० हून अधिक सैनिक आहेत. काही वर्षांपूर्वी मुलीकडे बेल्जियमला गेलो असता आम्ही एका दुपारी तिथे पोहोचलो. पाऊस नुकताच थांबला होता, झाडांवरून थेंब पडत होते. कबरींवर क्रूस उभे नाहीत. जमिनीलगत चपटे दगड आहेत आणि एकेका दगडावर वीस-वीस नावे. पेटरचा दगड शोधायला मी माहितीपत्रक उघडले. मुलगी म्हणाली, बाबा, पत्रक कशाला, त्या बापाच्या नजरेने चला. आम्ही त्याच्यासमोरून दगड वाचत निघालो. थोड्याच अंतरावर नाव सापडले. वरखाली इतरांची नावे, त्यांच्याएवढ्याच अक्षरांत.