कानासाठी लिहिताना : ‘गीतरामायणा’चा धडा

छापील मजकूर वाचणाऱ्याला एक सोय असते. वाक्य कळले नाही तर तो मागे जातो आणि पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला ही सोय नाही. वाक्य हवेत विरले की संपले. म्हणून कागदासाठी लिहिणारा लेखक आकाशवाणीकडे वळतो, तेव्हा त्याला लेखनाची रीतच बदलावी लागते. या बदलात केवढा आनंद दडलेला असतो, याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे ‘गीतरामायण’. त्यातील काव्य आणि संगीत यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याचा विचार विज्ञान सांगणाऱ्यांच्या बाजूने करायचा आहे.

पुणे आकाशवाणीवरील सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकर यांनी हे काम हाती घेतले. संगीत सुधीर फडके यांचे होते. पहिले गीत १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला प्रसारित झाले. दर आठवड्याला एक गीत, अशी वर्षभराची योजना होती. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गीते बावन्नची छप्पन्न झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका संपली. पुढे वृत्तपत्रे प्रसारित झालेली गीते छापू लागली. पुस्तक १९५७ साली आले. म्हणजे आधी श्रोता, मग वाचक.

माडगूळकरांनी कानासाठी काय केले? एका गीताला त्यांनी एकच प्रसंग दिला आणि बहुधा एकच बोलणारा. कोण बोलतो आहे आणि कोणाशी, हे सुरुवातीलाच कळते. त्यामुळे मागचा आठवडा चुकलेला श्रोताही अडत नाही. दुसरे साधन ध्रुवपद. छापील लेखात शीर्षक जे काम करते, ते गीतात ध्रुवपद करते. फरक एवढाच की ते पुन्हा पुन्हा येऊन मुख्य मुद्दा हातातून सुटू देत नाही. तिसरी गोष्ट कथेच्या चौकटीची. कुश आणि लव रामासमोर त्याचीच कथा गातात, असा आरंभ आहे; शेवटच्या गीतात वाल्मीकी त्यांना गायला पाठवतात. सांगणे आणि ऐकणे हाच कथेचा धागा होतो.

प्रसारणात सीतेला माणिक वर्मा यांचा, रामाला फडके यांचा, असे वेगवेगळे आवाज होते. पुढे फडके यांनी एकट्याने गायिलेले ध्वनिमुद्रणच घरोघरी पोचले. आवाज एकच झाला, तरी बोलणारी व्यक्ती कोण याचा गोंधळ होत नाही. ओळख शब्दांत आणि चालीत पक्की बसवलेली आहे, याचा हा पुरावाच.

या कसोटीवर विज्ञानाचे कित्येक श्राव्य कार्यक्रम उतरत नाहीत. ते पाठ्यपुस्तकाचे मोठ्याने केलेले वाचन असते. ‘यंत्रणकार्यात निर्माण होणाऱ्या उष्णतेचे शोषण करणाऱ्या द्रवास शीतक म्हणतात’ हे वाक्य कागदावर चालेल. कानाला ते जड जाते. त्याऐवजी भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमधला कामगार बोलू द्या : ‘लेथवर जॉब फिरतोय. टूल लागलं की जॉब तापतो. मी त्यावर पांढरं कुलंट सोडतो. ते फक्त पाणी असतं तर चाललं नसतं का?’ आता बोलणारा आहे, जागा आहे आणि प्रश्नही आहे. घर्षण, उष्णता आणि गंज या तिन्ही गोष्टी उत्तरातून ओघाने येतील.

तरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. रामकथा श्रोत्यांना आधीच ठाऊक होती. माडगूळकरांना ती शिकवायची नव्हती. विज्ञानाच्या लेखकाला हा आधार नाही. त्याची वाट त्याच पुणे केंद्राने त्याच काळात दाखवली. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालवली गेली. आठवड्यातून दोन, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र ऐकत, चर्चा करत, प्रश्न केंद्राकडे पाठवत आणि उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती थोडीच पडली. नवा विषय केवळ ऐकून मुरत नाही, त्यावर बोलावे लागते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील शिक्षकांना याचे मोल अधिक आहे. त्यांच्या वर्गात मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कामगारांची मुले बसतात. घरी दुसरीच भाषा बोलणाऱ्या मुलाला मराठी आधी कानाने कळू लागते. वाचन मागून येते. त्याला विज्ञान केवळ छापील वाक्यांतून दिले, तर तो विषयात कच्चा ठरतो, खरी अडचण मात्र भाषेची असते.

तेव्हा पुढचा धडा घेण्यापूर्वी तीन मिनिटांचे निवेदन लिहून पाहा. बोलणारा एक, प्रसंग एक, मुद्दा एक. फळ्याला हात न लावता ते वाचा आणि मुलांना डोळे मिटून ऐकू द्या. मग त्यांना आपसांत बोलू द्या. जो प्रश्न ते विचारतील, तेथून पुढच्या दिवशीचे निवेदन सुरू करा.