पत्त्यांच्या खेळांतील परतीचे प्रदेश

पत्त्यांच्या खेळाला वाङ्मयविषयक मासिकांत जागा द्यावी काय, असा प्रश्न कित्येक वाचक करतील. आणि बावन पानांच्या डावापुरता तो रास्तही आहे. परंतु १९९३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाचें स्वरूप निराळें आहे. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें रचलेल्या या खेळांत प्रत्येक पत्त्याला नांव आहे, चित्र आहे, स्वतःचा गुणधर्म आहे. पुष्कळदां खालीं कथेंतलें एखादें वाक्यही असतें. पत्ते बंद पाकिटांतून विकत घ्यावयाचे, व त्यांतून निवडून प्रत्येकानें आपला डाव सिद्ध करावयाचा. पुष्कळशा संचांना एकेक कल्पित प्रदेश वांटून दिलेला असतो. तेव्हां ही एक कादंबरीच झाली. मात्र तिचीं पानें क्रमानें नव्हे, तर हातांत येतील तशीं वाचावयाचीं.

या कादंबरीच्या कर्त्यांना जुन्या प्रदेशांकडे परत जाण्याचा मोठा छंद आहे. ‘रॅव्हनिका’ ही नगरी २००५ नंतर २०१२, २०१८ व २०२४ सालीं पुन्हां आली. ‘इनिस्ट्राड’ २०११ नंतर २०१६ व २०२१ सालीं. ‘झेंडिकार’ २००९ नंतर २०१५ व २०२० सालीं. यांत व्यापार आहे, हें कोणीही सांगेल. शाळेंत असतांना ज्यानें खाऊच्या पैशांतून पाकीट घेतलें, तो आतां मिळवता झाला आहे, व त्याच्या आठवणीला किंमत आली आहे. परंतु तेवढ्यावरून निकाल देणें हा आळशी टीकाकाराचा मार्ग होय. त्या आठवणीला परत काय दिलें, हें पाहिलें पाहिजे.

२००४ सालचा ‘कामिगावा’ घ्या. जपानी पुराणकथांवर रचलेल्या या प्रदेशांत माणसें व देवता यांचें युद्ध चाललेलें होतें. कल्पना सुंदर होती; पण कित्येक पत्त्यांचे गुणधर्म असे कीं, ते त्याच संचांतल्या पत्त्यांशीं जुळावेत, इतरांशीं नाहीं. संच फारसा लोकप्रिय झाला नाहीं, हें खुद्द रचनाकारांनींही पुढें कबूल केलें. असें असून २०२२ सालीं ते तेथें परत गेले, ते कथेंतलीं सुमारें बाराशें वर्षें लोटल्यावर! सामुराई आहेत, निन्जा आहेत, देवताही आहेत. पण भोंवतालीं झगमगत्या दिव्यांचें यंत्रनगर उभें राहिलें आहे. जुन्या संचांत ‘बोसेजू’ नांवाच्या एका वृक्षाचा पत्ता होता. त्याला ‘सर्वांना आश्रय देणारा’ असें बिरुद होतें. नव्या संचांत वृक्ष तोच आहे, बिरुद मात्र ‘टिकून राहणारा’ असें झालें आहे. दोन बिरुदांच्या मध्यें काय काय घडून गेलें असेल, हें पत्त्यावर कोठेंच लिहिलेलें नाहीं. आणि ज्याला जुना पत्ता आठवतो त्याला तें लिहावयास नकोच. आमच्या मतें परतीची सारी खुबी येथें आहे. आपण वाढलों तसा तो देशही आपल्यावांचून वाढत राहिला, याचा थोडासा चटका बसला पाहिजे.

रॅव्हनिकेची गोष्ट वेगळी. पांच रंगांच्या दहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा एकेक संघ, अशी तिची मांडणी. पहिल्या वेळीं हे संघ तीन संचांत चार, तीन, तीन असे वांटले होते. २०१२ व २०१८ सालीं ते पांच-पांच असे आले, आणि बहुतेक संघांना नवे डावपेंच मिळाले. संघ ओळखीचा पण चाल नवी, असा हा सुखद प्रकार होता. २०२४ सालीं मात्र नगरींत खून पडले व गुप्तहेर शिरले. संघ मागें सरले. तीच कथा दुसऱ्या कोणत्याही शहरांत घडूं शकली असती, असें वाचून झाल्यावर वाटतें. घराची पाटी तीच, पण आंत बिऱ्हाड दुसऱ्याचें!

याहून वाईट म्हणजे आठवणीचा नुसता ठसा उमटवून विकणें. २०२२ सालीं तिसाव्या वर्षाच्या निमित्तानें १९९३ सालच्या पत्त्यांच्या प्रतिकृति निघाल्या: पंधरा-पंधरा पत्त्यांचीं चार पाकिटें, किंमत ९९९ डॉलर. पाठ वेगळी असल्यामुळें अधिकृत सामन्यांत ते पत्ते चालत नाहींत. जे खेळतां येत नाहींत त्यांना पत्ते कां म्हणावें, हें आम्हांस कळत नाहीं.

मराठी वाचकाला एक प्रदेश विशेष जवळचा वाटेल. २०१६ सालीं आलेल्या ‘कलादेश’ संचांतील नांवें व वेषभूषा उघड उघड भारतीय वळणाचीं होतीं, व तेथें शोधकांची जत्रा भरे. २०२५ सालीं तो देश एका शर्यतीच्या निमित्तानें परत आला, तों त्याचें नांव ‘आविष्कार’ झालें होतें. मधल्या काळांत तेथें क्रांति झाली, असें कथा सांगते. हिंदींत या शब्दाचा अर्थ यांत्रिक शोध. आपण मराठींत तो कवीच्या किंवा नटाच्या भावाविष्काराला लावतों. रचनाकारांच्या मनांत पहिलाच अर्थ असावा. परंतु जुने गडी डाव मांडतांना अजून ‘कलादेश’च म्हणत असतील, असा आमचा तर्क आहे.